लिलावानंतर कापायचा केक

हर्ण्यात वाढदिवसाचा केक कापायची वेळ घड्याळावर ठरत नाही, बंदरावर ठरते. दुपार कलली की सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगरलेल्या नौकांवरची मासळी छोट्या होड्यांत उतरते, होड्यांतून बैलगाड्यांत चढते, आणि अर्धी चाकं पाण्यात बुडालेल्या त्या गाड्या ती किनाऱ्यावर आणून ओततात. मग वाळूवर ढीग लागतात आणि बोली सुरू होते. कोळंबी, पापलेट, सुरमई, बांगडा, बोंबील; ज्याचा त्याचा ढीग, ज्याचं त्याचं गिऱ्हाईक. लिलाव आटोपला तरी बायकांचं काम आटपत नाही. मासळी निवडायची, बर्फ घालायचा, उद्याच्या बाजाराच्या पाट्या भरायच्या, हिशेब बघायचा. घरी येऊन अंघोळ होईपर्यंत रात्रीचे नऊ-दहा वाजतात. ज्याचा वाढदिवस ते पोर तोवर नवे कपडे घालून वाट पाहतं, कधी त्याच कपड्यांत झोपूनही जातं. त्याला उठवायचं, शेजारची पोरं गोळा करायची, आणि मग केक.

मी या घरांसाठी केक करते. पाजपंढरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास आमचं घर आहे. मागच्या पडवीत एक ओटीजी, दोन जुने कुकर, एक फ्रीज आणि एक लांब टेबल, एवढाच माझा कारखाना. अन्नसुरक्षेची नोंदणी केली तेव्हा तिचं वर्षाचं शुल्क शंभर रुपये होतं. तो चौदा आकडी नंबर मी प्रत्येक डब्यावर चिकटवते. या कामात काही वर्षं घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. आमच्यासारख्या गावात वाढदिवसाचा सगळ्यात चांगला केक कुठला, तर खोक्यातल्या तयार मिक्सचा चॉकलेट केक भाजायचा, त्याला रवीच्या दांड्यानं भोकं पाडायची, त्यांतून दूध-चॉकलेट मुरवायचं, वर क्रीमचा एक थर द्यायचा आणि त्यावर रंगीत चॉकलेट गोळ्या. बाहेरच्या जगात याला पोक केक म्हणतात. आमच्याकडची मुलं भोकांचा केक म्हणून मागतात.

गिऱ्हाईक आधी मोबाइलवरचा फोटो दाखवतं. फोटोतला केक पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित दुकानातला असतो. दोन मजले, आरशासारख्या गुळगुळीत कडा, वर साखरेची बाहुली. तसा केक मीही करते, कोणी हट्टच धरला तर. पण त्याला लागणारं क्रीम वनस्पती तेलाचं असतं. ते गोठलेलं येतं, फ्रीजमध्ये सावकाश सुटं व्हावं लागतं, थंड असतानाच फेटावं लागतं आणि फेटल्यावरही थंडच राहावं लागतं. आमच्या हवेला हे मानवत नाही. मे महिन्यात इथे पारा विदर्भासारखा चढत नाही, पण हवेत पाणी इतकं असतं की दोरीवरचा टॉवेल रात्रीतही वाळत नाही. दुपारी चारला नेलेला केक रात्री दहाला कापायचा, म्हणजे मधले सहा तास तो कोणाच्या तरी घरात मासळीच्या खोक्यांनी भरलेल्या फ्रीजशेजारी स्टुलावर बसणार. कडा उतरतात, वरचा मजला एका अंगाला कलतो. केळशीकडे न्यायचा असेल तर आंजर्ल्याचा पूल ओलांडल्यावर चढ-उताराचा, वळणावळणाचा रस्ता. मोटारसायकलवर मागे बसून डबा मांडीवर घट्ट धरला तरी प्रत्येक वळणाला जीव खालीवर होतो.

बंदरात एवढा बर्फ असताना केक बर्फावर का ठेवत नाही, असं पाहुणे विचारतात. मासळीचा बर्फ खाण्याच्या पाण्याचा असेलच याची खात्री नसते. म्हणून तर न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याचा आदेश राज्यात २०१८ साली निघाला. आणि बर्फ चांगला असला तरी क्रीममधला स्निग्धांश आसपासचा वास झटकन ओढून घेतो. बर्फाच्या खोक्यात झाकून ठेवलेला केकही उघडल्यावर बंदर सांगतो. त्यामुळे मला असा केक हवा होता, जो स्टुलावर सहा तास बसला तरी बिघडणार नाही, उलट मुरेल.

तो मला सापडला ३ जून २०२० नंतरच्या दिवसांत. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आमच्या दापोली-मंडणगडच्या पट्ट्यालाही त्यानं झोडपून काढलं. आंजर्ले, केळशी, मुरूड, हर्णे, सगळीकडे नारळी-पोफळी आडव्या, घरांवरची कौलं आणि पत्रे उडालेले, विजेचे खांब रस्त्यात. वीज कित्येक दिवस आली नाही. आधीच टाळेबंदी, त्यात हे. त्या अंधारात शेजारच्या मुलीचा वाढदिवस आला. तिची आई काही मागायला आली नव्हती, पोरीनं मात्र दारात येऊन विचारलं, “काकी, केक होईल?” माझ्याकडे गॅस होता, कुकर होता, केक मिक्सचं खोकं, आटवलेल्या दुधाचा एक डबा, कोको पावडर आणि जेम्सची पाकिटं. फ्रीज नाही म्हणून क्रीम नाही. कुकरमधला केक कडेला जरा कोरडा होतो, तो नुसता द्यायला मन होईना. म्हणून आटवलेल्या दुधात कोको आणि थोडं गरम पाणी घालून सरबरीत केलं, केकला रवीच्या दांड्यानं भोकं पाडली आणि ते त्यांतून सोडलं. वर जेम्स. कंदिलाच्या उजेडात, छपरावर ताडपत्री बांधलेल्या घरात तो केक कापला. ज्यांनी खाल्ला त्यांनी पुढच्या वाढदिवसाला वीज असताना, फ्रीज चालू असतानाही तोच मागितला. मी केलेल्या कामाला मिळालेली याहून मोठी पावती मला आठवत नाही.

हा प्रकार अमेरिकेत घरोघरी केला जातो, हे मला नंतर समजलं. तिथे १९७०च्या दशकात जेल-ओ नावाच्या जेलीच्या कंपनीनं तो लोकप्रिय केला. पांढऱ्या केकला काट्यानं टोचे मारायचे आणि रंगीत जेली पातळ असतानाच वरून ओतायची, म्हणजे कापल्यावर आत रंगीत पट्टे दिसतात. पुढे जेलीच्या जागी आटवलेलं दूध, कॅरमेल, चॉकलेट असं काय काय आलं आणि वर चॉकलेटच्या वड्यांचा, गोळ्यांचा चुरा. मेक्सिकोकडचा तीन प्रकारच्या दुधांत भिजवलेला केक आता आपल्या शहरांतही मिळतो, तो याचाच सख्खा शेजारी. पण पाक मुरवणं आपल्याला कोणी शिकवायला नको. गुलाबजाम, पाकातल्या पुऱ्या, बालुशाही करणाऱ्या घरात मोठी झालेली कोणतीही बाई हे जाणते, की पदार्थ आणि पाक दोन्ही कोमट असताना भेटले तर पाक गाभ्यापर्यंत जातो. या केकचं सगळं गुपित तेवढ्यात आहे.

आणि भाजण्याचं म्हणाल तर कोकणाला केक अगदीच नवा नाही. माझ्या सासूबाई तवशाचं धोंडस करतात. जून तवसं किसून त्यात तांदळाचा जाडसर रवा, गूळ, खोबरं घालायचं, जाड बुडाच्या पातेल्यात ओतायचं, चुलीवर खाली मंद निखारे आणि वर झाकणावरही निखारे. त्यांनी आयुष्यात तापमान मोजायचं यंत्र पाहिलेलं नाही, पण वासावरून धोंडस कधी झालं ते त्या अंगणातून सांगतात. मी पहिल्यांदा कुकरमध्ये केक ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, “वरनं आच नाय, तुझा केक वरनं पांढराच ऱ्हाणार.” बरोबरच होतं. कुकरमध्ये मीठ किंवा वाळू पसरून, रिंग आणि शिटी काढून भाजलेल्या केकला खालून रंग येतो, वरून येत नाही. उंच केकमध्ये ते लपवायला किती क्रीम थापावं लागतं! भोकांच्या केकमध्ये त्या वरच्या भागाला भोकंच पाडायची असतात. तो फुटला असला, मध्ये बसला असला, फिका राहिला असला, तरी काही अडत नाही. ज्यांच्या घरी ओव्हन नाही त्यांनी हाच केक का करावा, याचं माझ्याकडचं पहिलं उत्तर हे आहे.

आता कृती. ही घाईनं सांगण्यासारखी नाही, कारण खोक्यावर जे छापलेलं असतं ते फक्त अर्ध्या कामाचं असतं.

अर्धा किलो अंड्याविना चॉकलेट केक मिक्स घ्यावं. पाणी आणि तेल किती, ते त्या त्या खोक्यावर दिलेलंच प्रमाण. त्यात आपली अक्कल चालवू नये, कारण प्रत्येक कंपनीचा मैदा, साखर आणि फुगवणारे घटक वेगळ्या बेतानं मिसळलेले असतात. फक्त पाणी साधं न घालता कोमट घालावं आणि त्यात चमचाभर कॉफी विरघळवावी. कॉफीची चव लागत नाही, चॉकलेटची चव मात्र खोल होते. मिश्रण गुठळ्या मोडेपर्यंतच फेटायचं. फार फेटलं की मैद्याला चिकटपणा येतो आणि केक चामट होतो. आठ इंची चौकोनी टिनाला तेल लावून, मैदा भुरभुरून त्यात ओतायचं. ओटीजीत १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. कुकरमध्ये करायचा असेल तर सात इंची गोल टिन, निम्मं मिश्रण, आणि मंद आचेवर पाऊण तासाच्या आसपास. सुरी घालून पाहायची. ती कोरडी आली की झाला.

केक टिनातून काढायचा नाही. हे मी पुन्हा सांगते, कारण सवयीनं हात टिन उलटं करायला जातो. भाजलेल्या त्याच टिनात तो मुरतो, त्याच टिनातून तो गिऱ्हाईकाच्या घरी जातो आणि तिथेच कापला जातो. टिन दुसऱ्या दिवशी परत येतं; क्वचित त्यात चार बोंबील घातलेले असतात. कडा टिनाच्या असल्यावर केळशीच्या वळणांवर काय व्हायचं आहे?

भाजून दहा-पंधरा मिनिटं झाली की भोकं पाडायची. काट्याचे टोचे मला पटत नाहीत. ती भोकं इतकी बारीक असतात की दाट चॉकलेट वरच राहतं. रवीचा दांडा करंगळीएवढा असतो, तो बरोबर बसतो. दांड्याला तेलाचं बोट लावायचं, सरळ आत घालायचा, किंचित फिरवून बाहेर काढायचा, चिकटलेला चुरा पुसायचा, मग पुढचं भोक. दोन भोकांत इंचभर अंतर. खोली पाऊण केकपर्यंत. टिनाच्या बुडाला दांडा लागला तर सगळं चॉकलेट खाली साठतं आणि तुकडा उचलताना तळ टिनालाच राहतो. या कामात घाई नाही. एका ओळीत, मग दुसऱ्या ओळीत आधीच्या दोन भोकांच्या मधे. असं केलं की कोणताही तुकडा कापला तरी त्यात चॉकलेट येतं. वाढदिवसाला वीस पोरं असतात आणि प्रत्येकजण शेजारच्याच्या तुकड्यात डोकावतो, तेव्हा हे महत्त्वाचं ठरतं.

मुरवायला दोनशे ग्रॅम आटवलेलं दूध, शंभर ग्रॅम डार्क चॉकलेट आणि अर्धी वाटी गरम दूध. चॉकलेट म्हणजे आम्ही वापरतो ते कंपाउंड. त्यात कोकोआ बटरच्या जागी दुसरं वनस्पतिजन्य स्निग्ध असतं, त्यामुळे ते स्वस्त पडतं आणि आमच्या हवेत पटकन पाघळत नाही. चवीला खरं चॉकलेट वरचढ, यात वाद नाही. पण इथे ते दुधात विरघळायचंच असतं, तेव्हा कंपाउंडनं काम भागतं. डबल बॉयलरवर सगळं एकजीव करायचं, चिमूटभर मीठ घालायचं, आणि मी थोडं जायफळ किसते. जायफळ आमच्या नारळीच्या बागांतलं असतं. घट्टपणा पळीवाढ्या आमटीएवढा हवा. दाट वाटलं तर दूध वाढवायचं. मग चमच्यानं एकेका भोकात सोडायचं; भरलं की थांबायचं, खाली गेलं की पुन्हा. तीन हात झाले की केकचा वरचा भागही चकचकीत दिसतो. पूर्ण निवल्यावर झाकून फ्रीजमध्ये चार तास. रात्रभर ठेवला तर आणखी छान. वीज नसेल तर क्रीमचा नाद सोडावा आणि केक त्याच दिवशी संपवावा. आटवलेलं दूध आणि दमट हवा यांना दुसऱ्या दिवसापर्यंत एकत्र ठेवू नये.

क्रीम लागतं ते पाव किलोहूनही कमी, आणि ते थापायला कसब लागत नाही. चमच्याच्या पाठीनं पसरलं की झालं. थर बोटाच्या पेरापेक्षा जाड नको. पातळ थर टिनाच्या कडेच्या आत असतो, त्याला घसरायला जागा नसते.

लोक मला स्पष्टच विचारतात, “तयार मिक्स वापरता, मग त्यात तुमचं काय?” दापोलीच्या एका बाईंनी तर ऑर्डर देता देता मागे घेतली. मला त्यांचा राग आला नाही, पण त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. चकली करणाऱ्या बाईला भाजणी घरी दळली की गिरणीतून आणली, असं आपण विचारत नाही; चकली खुसखुशीत आहे का, ते पाहतो. खोक्यातलं मिक्स ही केकची भाजणी आहे. मैदा, साखर, कोको, सोडा यांचं वजन कोणीतरी माझ्यापेक्षा अचूक काट्यावर केलेलं आहे, आणि ते दर वेळी तेच असतं. माझ्याकडे एका दिवसात तीन केक असतात, मधे वीज जाते, दारात भाजीवाला येतो. अशा दिवशी प्रत्येक केक सारखा निघाला पाहिजे, कारण तो ज्या घरी जातो त्या घरातला तो वर्षातला एकच केक असतो. उरलेलं काम, म्हणजे आच सांभाळणं, भोकं पाडणं, मुरवणं आणि वेळ साधणं, खोक्यात येत नाही.

शिवाय खोक्याचा जन्मच सोयीतून झाला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये डफ नावाची मळीच्या पाकाचा व्यापार करणारी कंपनी होती. तिनं पाक वाळवून, पिठात मिसळून जिंजरब्रेडचं मिक्स केलं आणि १९३३ साली त्याचं पेटंट मिळवलं. त्यात सुकवलेलं अंडंही होतं. दोनच वर्षांनी त्यांनी दुसरं पेटंट घेतलं, त्यात अंडं बाईनं घरचं ताजं घालायचं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या कंपन्या या धंद्यात उतरल्या आणि खोकं घराघरांत गेलं. आपल्याकडे आलं तेव्हा त्यातून अंडं पूर्णच गेलं, आणि माझ्या लेखी हा या खोक्याचा आपल्यावरचा सगळ्यात मोठा उपकार आहे. १९५६ साली पुण्यात सुरू झालेल्या वीकफील्डची कस्टर्ड पावडर आमच्या आयांच्या फडताळात होतीच; आज तिच्या आणि इतर कंपन्यांच्या बिनअंड्याच्या केक मिक्सची खोकी दापोलीच्या किराणा दुकानांत मांडलेली असतात. बिनअंड्याचा केक मुळापासून करणं कठीण असतं. दही-सोडा, व्हिनेगर, आटवलेलं दूध, सगळं बेतात बसलं तर फुलतो, नाहीतर वडी होते. आणि आमच्याकडे केकची तारीख संकष्टीला येते, गुरुवारी येते, श्रावणात येते. कोळीवाड्यात रोज मासळी शिजत असली तरी आजीचा उपास असतो आणि आजीनं तुकडा खाल्ल्याशिवाय नातवंडाचा वाढदिवस साजरा होत नाही.

हर्ण्यात मुसलमान वस्तीही मोठी आहे. ईदच्या आदल्या दिवशी माझी पडवी पहाटेपर्यंत चालू असते. त्या घरांचा प्रश्न वेगळा असतो, तो जिलेटिनचा. मार्शमेलो आणि जेलीच्या मऊ गोळ्या यांत ते बहुतेक वेळा असतं आणि ते जनावराच्या कातड्या-हाडांपासून काढतात. शाकाहारी घराला ते चालत नाही आणि हलाल पाळणाऱ्या घरालाही नाही. म्हणून मी त्या गोळ्या आणतच नाही. हिरवा ठिपका पाहून, घटकांची यादी वाचून मगच पाकीट घ्यायचं, हा नियम दोन्ही घरांसाठी एकच ठेवला आहे. कोणाच्या घरी कोणता केक चालेल हा विचार मग मला करावाच लागत नाही.

आता गोळ्या. मुलांना केक आठवतो तो त्यांच्यामुळे. जेम्स आपल्याकडे १९६८ पासून मिळतात, म्हणजे आजच्या आजोबांनाही त्या ओळखीच्या. बाहेरचं रंगीत कवच साखरेचं असतं. क्रीममधलं पाणी त्याला लागलं की तासाभरात रंग सुटायला लागतो, आणि पावसाळी हवेत त्याहून लवकर. पांढऱ्या क्रीमवर निळे-लाल ओघळ येतात. रंगीत बडीशेप तर बघता बघता विरघळते. वेफरची चॉकलेटं मऊ पडतात, चिक्कीचा चुरा ओला होऊन चिकटतो. हवेचं काही करता येत नाही, म्हणून मी गोळ्या केकवर लावतच नाही. एका झाकणाच्या डबीत त्या वेगळ्या देते आणि सांगते, मेणबत्ती लावायच्या आधी पोरांना लावू द्या. आईवडील बंदरावरून येईपर्यंत पोरांचं काय करायचं, हा प्रश्नही त्यानं सुटतो. कोणी फुलं करतं, कोणी बोट काढतं, कोणी नाव लिहायला जातं आणि तीन अक्षरांत गोळ्या संपतात. एका घरात तर भावंडांनी बापाच्या नौकेचा नंबर लिहिला होता.

गोळ्यांबरोबर मी फणसपोळी आणि आंबापोळीच्या बारीक पट्ट्याही देते. या पट्ट्या आमच्या हवेत टिकतात, आणि चॉकलेटच्या गोडाला त्यांची किंचित आंबट चव उठाव देते. एका आजोबांनी मात्र रावळगावची गोळीच हवी म्हणून सांगितलं. वालचंद हिराचंदांनी मालेगाव तालुक्यात १९३३ साली उभ्या केलेल्या साखर उद्योगातून पुढे निघालेल्या या गोळ्या त्यांनी लहानपणी खाल्लेल्या. २०२४ साली हे गोळ्यांचे ब्रँड रिलायन्सनं विकत घेतले, तेही त्यांना पेपरात वाचून ठाऊक होतं. कडक गोळी कुटून वर पसरली. ती दातांत अडकते, पण आजोबा खूश झाले.

त्या आजोबांचा वाढदिवस १ जूनचा. हर्ण्यात १ जूनला जन्मलेली म्हातारी माणसं खूप आहेत, सगळ्या महाराष्ट्रात आहेत. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहायचे आणि तीच पुढे आधार कार्डावर आली. आणि याच तारखेला मासेमारी बंद होते, ३१ जुलैपर्यंत. त्याच्या आगेमागे नौका आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात, काही वर ओढून झाकल्या जातात, खलाशांचे हिशेब होतात, ते गावी जायला निघतात. त्या दिवशी किनाऱ्यावर लिलाव नसतो. बापमाणूस संध्याकाळी सहा वाजता घरात असतो. नातवंडांनी आधार कार्ड वाचलेलं असतं आणि ती केक सांगून गेलेली असतात. आजोबा म्हणत राहतात, “माझा जन्म नारळी पुनवेच्या मागंपुढंचा, आई सांगायची.” तरी ते नवी टोपी घालून बसतात. जी पिढी जन्मतारखेशिवाय वाढली आणि जिनं आयुष्यात एकदाही मेणबत्ती विझवली नाही, तिला सत्तराव्या वर्षी केक कापताना पाहणं यासाठी मी हे काम करते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आणि नेमके याच दोन महिन्यांत हातात रोकड नसते. मासळी नाही, मजुरी नाही, शाळा सुरू होते, वह्या-पुस्तकं, रेनकोट. केक मागायला आलेली बाई आधी भाव विचारते आणि मग अर्ध्या आवाजात विचारते, “लहान होईल का?” उंच केकचा खर्च मला कमी करता येत नाही. त्याचं क्रीम, त्याचे रंग, त्याचे तास यांची किंमत ठरलेली असते. खोक्याच्या केकचा भाव मला खाली आणता येतो. क्रीम काढून टाकते, डबीत गोळ्यांचं एकच पाकीट घालते, टिन तेवढंच ठेवते. केक लहान करत नाही. वीस पोरं तीच असतात ना!

घरी करून पाहणाऱ्यांसाठी आता एवढंच. पहिल्या वेळी क्रीम वगळा, नुसतं चॉकलेट मुरवून रात्रभर ठेवा, म्हणजे भोकांचं अंतर आणि खोली तुमच्या हाताला कळेल. गोळ्या केक कापायच्या आधी काही मिनिटं लावा. आणि घरात चार वर्षांखालचं मूल असेल तर त्याचा तुकडा गोळ्या लावण्यापूर्वीच वेगळा काढा. कडक, गोल गोळी लहान मुलाच्या घशात अडकते. माझ्या प्रत्येक डबीच्या झाकणावर हे लिहिलेलं असतं, आणि डबी हातात देताना मी ते वाचूनही दाखवते.